दणकेरावांची गोळी

कुजबुजबाईंनी दणकेरावांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा खरं म्हणजे त्यांना पाहिलंच नाही. पाहिला तो पत्रा. तालमीच्या खोलीकडे जाणाऱ्या अरुंद जिन्यातून सात फूट उंच आणि चार फूट रुंद असा एक पत्रा आपल्या पायांनी वर चढत होता. पत्र्याच्या खाली दोन काळे बूट होते, वर एक टोपी होती आणि मधून "सरका, सरका, डोकं सांभाळा" असा आवाज येत होता. दर पायरीला पत्रा भिंतीला घासे आणि आभाळ फाटल्यासारखा गडगडाट होई. खालच्या शिंप्याने दुकान आवरतं घेतलं. समोरच्या इमारतीतल्या बायकांनी दोरीवरचे कपडे ओढून आत नेले. जिन्याखाली झोपलेलं एक कुत्रं जे पळालं ते, नाटक मंडळीतल्या जुन्या माणसांच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा तर, अजून परतलेलं नाही.

पत्रा वर येऊन बाईंच्या पुढ्यात थांबला आणि बाजूला झाला. मागून जे निघालं ते इतकं किरकोळ होतं, की त्याच्या मागे आणखी कोणी आहे का म्हणून बाईंनी वाकून पाहिलं. कोणी नव्हतं. पाच फूट दोन इंच उंची, जाड भिंगांचा चष्मा आणि उरलेल्या सगळ्या मिशा.

"मी आवाज," ते गृहस्थ धापा टाकत म्हणाले.

"मी कुजबुज," बाई म्हणाल्या.

एवढ्या ओळखीवर दोघांनी पुढची एकोणीस वर्षं एकाच विंगेत काढली.

मंडळी हौशी होती. हौशी म्हणजे पोट एकीकडे आणि जीव दुसरीकडे. नायक दिवसभर लोकांचे दात काढायचा. खलनायकाचं औषधांचं दुकान होतं. बाई शाळेच्या ग्रंथालयात होत्या, आणि तिथे दिवसभर इतरांना हळू बोलायला सांगून सांगून त्यांचा स्वतःचा आवाज इतका बारीक झाला होता की त्या जन्मजात प्रॉम्प्टर ठरल्या. विंगेत स्टुलावर बसून, मांडीवर संहिता उघडून त्या नटांना विसरलेली वाक्यं पुरवत. त्यांची कुजबुज आठ पावलांवरच्या नटाला लख्ख ऐकू जाई आणि नवव्या पावलावर विरून जाई. मंडळीत एक अलिखित शिस्तही होती. बाईंचा आवाज सगळ्यांनी ऐकायचा, पण ऐकला असं कोणी धरायचं नाही. सवयीने तो आवाज आवाज राहिलाच नव्हता. माणसाला आपल्याच नाकाचा शेंडा दिसत असूनही दिसत नाही, तसं.

दणकेराव दिवसा एका मोठ्या धुलाईखान्याचा बॉयलर सांभाळत. सव्वीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. गोल तबकडीतल्या काट्याकडे बघत बसायचं आणि काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागला की झडप फिरवून त्याला मागे आणायचं. त्यांचं लग्न राहून गेलं, त्याचं कारणही हेच, असं त्यांची थोरली बहीण सांगे. "काट्यावरून नजर काढायला सवड कुठे झाली त्याला? एक स्थळ आलं होतं, तर मुलगी बघायला गेला आणि तासभर त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळाकडेच बघत बसला."

पण हा माणूस संध्याकाळी विंगेत शिरला की निराळाच होई. पत्रा हलवून तो वीज पाडी. चाकं लावलेलं एक खरंखुरं दार होतं, कडीकोयंड्यासकट. ते उघडून, लावून, आपटून आणि ठोठावून तो रंगमंचावर पाहुणे आणी. पोत्यात फुटक्या बशा भरून, पोतं जमिनीवर टाकून तो श्रीमंतांच्या घरातल्या काचा फोडी. आणि गोळी हा तर त्याचा मानबिंदू. एक लांब फळी एका टोकाला बुटाने दाबून धरायची, दुसरं टोक दोरीने वर ओढायचं आणि सोडायचं. असा काही बार निघे की पहिल्या रांगेतले प्रेक्षक आपले खिसे चाचपून पाहत.

फक्त एक होतं. एकोणीस वर्षांत दणकेरावांनी बाईंच्या कुजबुजीशिवाय एकही आवाज केला नव्हता. बाई "दार" म्हणाल्या की दार, "वीज" म्हणाल्या की वीज.

"बाई, तुम्ही बोलल्याशिवाय माझा हातच उठत नाही," ते म्हणत.

बाईंना हे वाक्य फार आवडे. ते त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही, पण ज्या नाटकात आवाज कमी असत, ते नाटक त्यांना जरा पडेल वाटे.

मग नाट्यगृहाला नवे व्यवस्थापक आले आणि त्यांनी मोजपट्टी घेऊन विंगेची पाहणी केली.

"हे काय आहे?" त्यांनी चाकांच्या दाराकडे बोट दाखवलं.

"दार," दणकेराव म्हणाले.

"कुठे उघडतं?"

"कुठेच नाही. नुसतं वाजतं."

"म्हणजे उद्या आग लागली की माणसं जीव खाऊन याच दाराकडे धावणार, दार उघडणार आणि पुढे भिंत! छान. हे दार, हा पत्रा, ही पोती, सगळं आठ दिवसांत बाहेर गेलं पाहिजे."

दिग्दर्शक गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी दुसऱ्याच दिवशी कुठल्याशा बँडवाल्याकडून एक वापरलेलं ड्रम पॅड पैदा केलं. ताटाएवढी काळी पाटी, तिच्यावर रबराचे आठ चौकोन. एकेका चौकोनात एकेक आवाज भरून ठेवायचा आणि वर काठी मारली की तो बाहेर येतो.

"म्हणजे आवाज आधीच करून ठेवायचा?" दणकेरावांनी विचारलं. "बरणीत भरल्यासारखा?"

"तसंच."

"आणि मारताना मी काय करायचं?"

"बरणी उघडायची," दिग्दर्शक म्हणाले.

दणकेरावांनी घरी जाऊन पाव तास बुटांकडे पाहिलं आणि मग ते कामाला लागले. त्यांची भाची एका स्टुडिओत मुलांच्या धड्यांचं ध्वनिमुद्रण करायची. तिने त्यांना एक जुना रेकॉर्डर आणून दिला, बटणं दाखवली आणि ती कामावर गेली. रविवारी सकाळी बाई संहिता घेऊन दणकेरावांच्या खोलीत, विंगेतून तिथे हलवलेल्या सामानाच्या गर्दीत, हजर झाल्या. त्यांचं तिथे खरं तर काही काम नव्हतं, पण त्यांनी बोलल्याशिवाय यांचा हात उठणार नव्हता.

रेकॉर्डरच्या पोटावर एक काचेची खिडकी होती. खिडकीत एक काटा होता. आणि काट्याच्या उजव्या हाताला एक लाल पट्टा होता.

दणकेरावांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"दार," बाई कुजबुजल्या. दणकेरावांनी दार ठोठावलं. काटा टुणकन उडून थेट लालमध्ये गेला. "मागे व्हा!" दणकेराव ओरडले आणि त्यांनी बाईंना कपाटाआड ढकललं. स्वतः झेप घालून त्यांनी यंत्राचं बटण झडप बंद करावी तसं करकचून मागे फिरवलं. काटा खाली आला. दणकेरावांनी कपाळाचा घाम पुसला.

"हे फुटतं का हो?" बाईंनी कपाटाआडून विचारलं.

"काटा आहे म्हणजे फुटणारच. उगीच का लावतील?"

त्यानंतर सगळे आवाज काट्याला अजिबात न दुखवता भरण्यात आले. काटा डाव्या कोपऱ्यात आजारी माणसासारखा पडून राहिला आणि फार तर कूस बदलण्यापुरता हलला. बाई दर वेळी नेमाने "दार", "वीज, जोरात", "काच, सांभाळून" असं कुजबुजत होत्या आणि दणकेराव आवाज करत होते. शेवटी बाई "गोळी, आता" म्हणाल्या, फळी सुटली आणि बार झाला, पण फळीने उलट उसळी घेऊन दणकेरावांच्या नडगीचा समाचार घेतला.

"लागलं का हो?" बाई कळवळून कुजबुजल्या.

"थोडंसं," दणकेराव म्हणाले आणि त्यांनी यंत्र बंद केलं.

मग भाचीच्या संगणकातून एक वायर पॅडला जोडून आवाज पॅडमध्ये उतरवण्यात आले. तिथेही पॅडवर एक लाल दिवा होता. तो एकदाही लागू नये इतकी काळजी दणकेरावांनी घेतली. काम फत्ते झालं. खालच्या मजल्यावरच्या थोरल्या बहिणीने खोली मोकळी झाल्याच्या आनंदात पत्रा सायकलींच्या शेडवर चोवीस खिळे मारून बसवला, दार न्हाणीघराला लावलं आणि फळीवर लोणी काढायच्या रवीपासून जुन्या मासिकांपर्यंत सगळं रचून तिची मांडणी केली. एकदा तिने खिळा मारला की तो निघत नसे.

पुढच्या शनिवारी प्रयोग होता. नाटक गंभीर. दोन भाऊ, एक घर, एक इस्टेट. शेवटी थोरला भाऊ, म्हणजे दाताचा डॉक्टर, धाकट्यावर, म्हणजे औषधवाल्यावर, गोळी झाडतो आणि औषधवाला कोसळतो.

पहिल्या अंकात दार वाजलं ते कोणीतरी कागदावर बोट टेकवावं तसं. वीज पडली ती मुंगीने जांभई दिल्यासारखी. बाईंनी भुवया उंचावल्या. दणकेरावांनी काठी आणखी जोरात मारली, तर पॅडमधून आवाज तेवढाच आला आणि काठीचा मात्र "टॉक" असा मोठा आवाज झाला. तिसऱ्या अंकात डॉक्टरने पिस्तूल रोखलं, बाई "गोळी" म्हणाल्या, दणकेरावांनी चौकोनावर प्राणपणाने घाव घातला आणि पॅडमधून वाटाण्याची शेंग फुटल्याचा आवाज आला.

औषधवाला उभाच.

"मरा," बाई कुजबुजल्या.

औषधवाला गोंधळून विंगेकडे पाहू लागला.

"मरा हो! गोळी लागली!"

"कुठे?" औषधवाल्याने मोठ्याने विचारलं.

त्याच्या या एका शब्दाला जेवढा हशा मिळाला, तेवढा मंडळीला आजवरच्या तीन विनोदी नाटकांत मिळून मिळाला नव्हता.

पडदा पडल्यावर दिग्दर्शकांनी सगळ्यांना गोळा केलं. ते ओरडले नाहीत, ही वाईट खूण होती.

"पुढच्या शनिवारी," ते म्हणाले, "शेवटच्या रांगेतल्या माणसाला प्रत्येक आवाज स्वच्छ ऐकू आला, तर विंगेतली ती खुर्ची तुमची, दणकेराव. नाही आला, तर तिथे माझे साडू बसतील. त्यांच्याकडे संगणक आहे. हे मी सगळ्यांसमोर सांगतोय."

दणकेराव "बरं" म्हणाले. त्यांच्या मिशा एकदम मोठ्या दिसू लागल्या, कारण मागचं तोंड लहान झालं होतं.

बाईंनी दिग्दर्शकांच्या साडूंना एकदा पाहिलं होतं. ते उंच होते, तोंडाने मोठ्याने श्वास घेत आणि कोणाच्या सांगण्याची वाट पाहत नसत. एकोणीस वर्षं ज्याच्या कानाशी बोललो, त्याच्या जागी हा भाता बसणार, या कल्पनेनेच त्यांना संहितेतली ओळ दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी दोघांनी आधी साधा उपाय करून पाहिला. पॅडचा आवाज पूर्ण चढवला, स्पीकरचाही पूर्ण चढवला. दार आता ऐकू येऊ लागलं, पण त्याबरोबर "सूंऽऽ" असा एक अखंड आवाजही येऊ लागला. पाहुणा दार ठोठावतोय खरा, पण गांधीलमाश्यांच्या पोळ्यात उभा राहून, असं वाटे.

तेवढ्यात भाची वर आली. तिने पाच मिनिटं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"मामा, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तू मुळात भरलंस नखभर आणि आता त्या पॅडला म्हणतोस, हंडाभर दे!"

"पण मी शेवटी सगळं उघडलंय ना. पूर्ण."

"बरं, तुझ्या भाषेत सांगते. बॉयलरमध्ये वाफच नाही आणि तू नळाच्या टोकाची झडप उघडून बसलायस. काय येईल?"

"गार हवा," दणकेराव चटकन म्हणाले, आणि मग थांबले. चष्म्यामागचे डोळे मोठे झाले. "अगं, मग हे आधी नाही का सांगायचं?"

"मला वाटलं, बटणं दाखवली की माणसाला कळतं. चूकच झाली. आता हे सगळं परत भर."

"कशाने भरू? तुझ्या आईने पत्रा शेडवर ठोकलाय. दार न्हाणीघराला आहे. ती आत असली तर ठोठावताही येत नाही."

भाचीने जिन्यातून खाली डोकावून आईकडे पाहिलं आणि पत्र्याचा विषय सोडून दिला. "मग आहे तेच संगणकात चढवू. मन लावून केलं तर चालेल."

संगणकाचा स्पीकर बिघडलेला होता, त्यामुळे काम डोळ्यांनी करायचं होतं. पडद्यावर आवाजाचं चित्र दिसे. मधोमध एक रेघ आणि जिथे आवाज मोठा तिथे सुळका. दणकेरावांचे सुळके म्हणजे सपाट रस्त्यावरचे खडे होते.

"याचं सर्वांत उंच टोक या वरच्या रेषेच्या अगदी खाली आलं पाहिजे," भाची म्हणाली. "मग वायरीतून पाठवताना संगणकाचा आवाज चढता ठेवायचा. आणि पॅडमध्ये घेताना लाल दिव्याच्या दारात नेऊन उभं करायचं. दारात, आत नाही. तीन झडपा आहेत मामा, तू तिन्ही बंद करून बसला होतास."

"दारात उभा राहिला की तो आत येतोच. माझा अनुभव आहे."

"कोणाचा?"

"वाफेचा."

"इथे लाल म्हणजे स्फोट नाही रे. आत गेलाच तर आवाज नुसता फाटतो. कोणी मरत नाही."

तिने बटण दाबलं. खड्यांचे डोंगर झाले. गोळीचं तर शिखरच उभं राहिलं. भाचीने पडद्यावर बोट ठेवलं. "हे शिखराच्या आधीचं लहानसं टेकाड कसलं? आणि नंतरची ही दोन? दर आवाजाच्या आधी आहे एकेक. छाटू का?"

"अजिबात नाही!" दणकेराव ताठ झाले. "आधीचा तो श्वास असतो. आणि नंतरचं ते घुमणं. श्वास आणि घुमणं काढलं की आवाजाचं प्रेत उरतं. कलेतलं तुला काय कळतं?"

कलेतलं बाईंनाही त्या क्षणी पटलं. त्यांनी मान डोलावली.

खरी कसोटी पॅडपाशी होती. वायर जोडली, भाचीने आवाज सोडला आणि पॅडवरचा हिरवा दिवा पिवळा होऊन लालकडे चढू लागला. दणकेरावांचा उजवा हात आपण होऊन बटणाकडे निघाला. भाचीने तो चापट मारून मागे पाठवला. तो पुन्हा निघाला. सव्वीस वर्षांचा हात होता, ऐकणार कोणाचं? शेवटी बाईंनी संहिता खाली ठेवली, तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि मांडीवर दाबून धरला.

"बघू नका," त्या म्हणाल्या. "डोळे मिटा."

दणकेरावांनी डोळे मिटले. चार आवाज चार चौकोनांत उतरायला सहा मिनिटं लागली. त्यानंतरही हात काही वेळ तिथेच होता. भाचीला वायर गुंडाळायला त्या दिवशी फार वेळ लागला.

गुरुवारच्या तालमीला पॅड एका छोट्या स्पीकरला जोडलं आणि तो स्पीकर बाईंच्या स्टुलाखाली ठेवला. मंडळी खुर्च्या ओढत होती तेव्हा त्या खडखडाटात दणकेरावांनी आधी एकदा हात चालवून पाहिला होता.

"बाई, यंत्र जरा आळशी आहे. मारलं की अर्धा क्षण थांबून वाजतं. मी तुमचा शब्द ओठांवर आलेला बघूनच मारतो, म्हणजे बरोबर बसेल."

आणि खरंच बरोबर बसलं. इतकं बरोबर, की बाईंचा "दार" आणि स्टुलाखालचा "दार" एकमेकांवर चपखल पडले. बाईंना आपला आवाज आज जरा भरदार लागलाय असं वाटलं आणि त्यांनी ते सकाळच्या मिठाच्या गुळण्यांच्या खाती जमा केलं. नटांनी तो ऐकला, पण बाईंचा म्हणजे तो आवाजच नव्हे. दिग्दर्शकांनाही काही वावगं दिसलं नाही. दार खणखणीत वाजलं. वीज अशी पडली की नायिकेने खरोखर कानांवर हात ठेवले. गोळी सुटली तेव्हा डॉक्टरच्या हातातलं पिस्तूल गळून पडलं, सगळ्यांनी एकदम जल्लोष केला, टाळ्या वाजवल्या, आणि त्या गदारोळात गोळीनंतरचं घुमणं कोणी ऐकलंच नाही.

शनिवारी पॅड नाट्यगृहाच्या मोठ्या स्पीकरना जोडलं गेलं. रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना कपाटाएवढे दोन. दिग्दर्शक शेवटच्या रांगेत जाऊन बसले. त्यांच्या शेजारी व्यवस्थापकांच्या आई होत्या. त्यांना कमी ऐकू येई. मुलगा इथे व्यवस्थापक होण्याच्या आधीपासून त्या दर प्रयोगाला येत आणि शांत झोप लागते म्हणून नाटकाची स्तुती करत.

पडदा उघडला. थोरला भाऊ विचारमग्न येरझारा घालतोय. भयाण शांतता. दणकेरावांनी बाईंच्या ओठांकडे पाहून काठी मारली.

"दार!"

एका अवाढव्य बाईचा कुजबुजता आवाज दोन्ही भिंतींकडून घोंगावत आला, आणि मागोमाग ठक्, ठक्, ठक्. तीनशे माणसांनी माना वळवून आधी दाराकडे आणि मग छताकडे पाहिलं. डॉक्टरने कपाळावर आठ्या घालून "कोण असेल बरं?" हे आपलं वाक्य म्हटलं, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ते त्याला मनापासून म्हणता आलं.

विंगेत बाईंच्या हातातली संहिता गळून पडली.

"दणकेराव, ती मी आहे!" त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"त्याच्या आत!"

"आता काय करू?"

बाईंनी चार चौकोनांकडे पाहिलं. ते मुके ठेवले तर शेवटच्या रांगेला काहीच ऐकू जाणार नाही, आणि तिकडे साडू. वाजवले तर हे. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा विंगेत मोठ्याने बोलून टाकलं, "वाजवा!"

दणकेरावांनी वाजवलं. "वीज, जोरात!" आणि कडाडकन वीज. प्रेक्षकांत खसखस पिकली. नायिका चिडून दिवाणखान्यातली फुलदाणी फेकणार, तेवढ्यात आकाशातून काळजीयुक्त सूचना आली, "काच, सांभाळून," आणि खळ्ळकन. एक म्हातारे गृहस्थ खुर्चीवरून घसरले. आता लोक पुढच्या आवाजाची वाट पाहू लागले. इस्टेटीचं काय होणार यात कोणालाच रस उरला नव्हता.

तिसरा अंक. डॉक्टरने पिस्तूल रोखलं. औषधवाला थरथरत होता. तो भीतीने थरथरतोय असं लांबून वाटावं, इतपत त्याने तोंड फिरवलं होतं. पूर्ण नाट्यगृहाने श्वास रोखला.

"गोळी, आता!"

धाड्! बार असा झाला की व्यवस्थापकांच्या आई जाग्या झाल्या. औषधवाला या वेळी कोणाची वाट न पाहता धाडकन आडवा झाला. आणि मग त्या सुन्न शांततेत, दोन्ही कपाटांतून, माया आणि कळवळ्याने ओथंबलेली ती अवाढव्य कुजबुज आली.

"लागलं का हो?"

"थोडंसं," दुसरा आवाज म्हणाला.

मेलेला औषधवाला हलू लागला. आधी पोट, मग खांदे. डॉक्टरला पुढचं वाक्य आठवेना. बाईंना ते पुरवता येईना, कारण त्या स्टुलावर पदराने तोंड दाबून दुमडल्या होत्या. डॉक्टर हवालदिल होऊन प्रेताकडे बघत राहिला आणि घाईगर्दीत त्याच्या तोंडून जे वाक्य दिवसातून तीस वेळा निघत असे, तेच निघालं.

"आता चूळ भरा."

पडदा पाडावा लागला. तो पाडला दणकेरावांनीच, कारण पडदेवाला जमिनीवर बसला होता.

दिग्दर्शक आत आले तेव्हा चेहरा लालबुंद होता. दणकेरावांनी सवयीने झडप शोधल्यासारखा हात पुढे केला.

"तुम्ही," दिग्दर्शक म्हणाले, "माझ्या शोकांतिकेची..." पण ते पुढे बोलण्याआधीच त्यांच्या मागून व्यवस्थापकांच्या आई काठी टेकत आत आल्या. त्यांना प्रत्येकाचा हात हातात घ्यायचा होता.

"मी शेवटच्या रांगेत होते," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "सात वर्षं येतेय इथे. आज पहिल्यांदा शब्दन् शब्द ऐकू आला. ती बिचारी बाई कोण हो, त्याला लागलं का विचारणारी? फार चांगली होती. तिला कामं देत जा."

सगळे दिग्दर्शकांकडे पाहत होते, आणि दिग्दर्शकांना आपण काय काय सगळ्यांसमोर बोललो होतो ते एकेक करून आठवत होतं.

"शेवटच्या रांगेला ऐकू आलं, सर," डॉक्टर हळूच म्हणाला.

"ऐकलं मी!" दिग्दर्शक खेकसले. मग भिंतीकडे बघून, "खुर्ची राहू दे त्यांची," असं म्हणून ते निघून गेले.

दणकेरावांनी बाईंकडे पाहिलं.

"बाई, ती टेकाडं म्हणजे तुम्ही होतात तर."

"मग श्वास कोणाचा वाटला होता तुम्हाला?"

दणकेरावांनी स्टूल उचलून आपल्या खुर्चीच्या थोडं जवळ ठेवलं आणि वायरी गोळा करायला घेतल्या.

भाचीने त्या आठवड्यात टेकाडं छाटून दिली. खुर्ची दणकेरावांकडेच राहिली आणि तिच्यावर बसून त्यांनी आणखी पाच प्रयोग केले. मग दिग्दर्शकांची त्यांच्या कचेरीतून दुसऱ्या गावी बदली झाली आणि मंडळी बंद पडली.